श्रीचक्रधरस्वामी : चरित्र आणि ‘सत्य काय’ हा वाद



महानुभाव वाङ्मय हा घटक उघडला की बहुतेक विद्यार्थी ‘आद्य मराठी गद्य’ या दोन शब्दांपाशी थांबतात. लीळाचरित्राची भाषा कशी, वाक्ये किती छोटी, बोलीचे कोणते रूप त्यात टिकले, एवढे टिपून घेतले की प्रश्नाचे उत्तर लिहिता येते. उत्तर चुकीचे नसते, पण अपुरे असते. हे गद्य का जन्माला आले, हे त्यातून कळत नाही. एका पुरुषाने कोणत्या गावी काय खाल्ले, कोणत्या झाडाखाली विश्रांती घेतली, कोणाला काय उत्तर दिले, हे शेकडो प्रसंगांत लिहून ठेवावे असे त्याच्या शिष्यांना का वाटले असेल? या चरित्रातून तुम्हांला त्या प्रश्नाकडे न्यायचे आहे. त्याचे उत्तर तत्त्वज्ञानातील एका जुन्या वादाशी जोडलेले आहे. तो वाद म्हणजे, डोळ्यांसमोरचे हे जग खरे आहे की नाही.

तुमच्यापैकी जे नरखेड, मोवाड, जलालखेडा या बाजूला राहतात त्यांच्यासाठी हे चरित्र दूरदेशीचे नाही. नरखेडहून बडनेऱ्याकडे जाणारी रेल्वे वरूड, मोर्शी, चांदूर बाजार अशी जाते. मोर्शीच्या उत्तरेला मध्य प्रदेशाच्या सीमेवर सालबर्डीचे डोंगर आहेत, आणि मोर्शी तालुक्यातच ऋद्धिपूर आहे, ज्याला लोक रिद्धपूर म्हणतात. नकाशावर ऋद्धिपूर आणि रामटेक ही दोन ठिकाणे रेघेने जोडून पाहा. ती रेघ काटोल-नरखेडच्या मुलखावरूनच जाते. या चरित्रातील पहिला मोठा प्रवास रामटेकच्या नावाने सुरू झाला आणि ऋद्धिपुरात त्याची दिशा बदलली.

भडोच ते ऋद्धिपूर

गुजरातेतील भडोच येथे विशाळदेव नावाचे प्रधान होते. त्यांच्या पत्नीचे नाव माल्हणदेवी व मुलाचे नाव हरिपाळदेव. हरिपाळदेव तरुणपणीच आजारी पडून वारले. त्यांचा देह स्मशानात नेला असता ते उठून बसले, असे परंपरा सांगते. संप्रदायाच्या श्रद्धेनुसार द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी आपला देह ठेवून या देहाचा स्वीकार केला. हा भाग श्रद्धेचा आहे आणि साहित्याच्या अभ्यासकाने तो तसाच आदराने नोंदवून पुढे जावे. चरित्रकारांनी मात्र त्यानंतरची गोष्ट ज्या मोकळेपणाने सांगितली आहे तिच्याकडे लक्ष द्या. मृत्यूतून परतलेले हे प्रधानपुत्र द्यूत खेळू लागले. एकदा मोठी रक्कम हरले आणि देणे भागवण्यासाठी त्यांनी पत्नी कमळाइसेकडे तिचे दागिने मागितले. तिने ते दिले नाहीत.

प्रसंग घरगुती आहे, कोणत्याही गावात घडेल असा. ज्या पुरुषाला अनुयायी परमेश्वराचा अवतार मानतात त्याच्या चरित्रातून तो गाळता आला असता. तो गाळलेला नाही. आपले म्हणून जे मानले ते किती आपले असते, याचा प्रत्यय त्या नकारातून हरिपाळदेवांना आला आणि संसारावरचे त्यांचे मन उडाले. रामटेकच्या यात्रेला जातो असे त्यांनी वडिलांना सांगितले. वडील आधी राजी नव्हते, पण अखेर त्यांनी लवाजमा बरोबर देऊन परवानगी दिली. वाटेत हरिपाळदेवांनी एकेकाला मागे धाडले आणि ते एकटेच पुढे निघाले.

ऋद्धिपुरात तेव्हा गोविंदप्रभू होते. त्यांना गुंडम राऊळ असेही म्हणत. गावाच्या गल्लीबोळांतून फिरणारा, लहान मुलासारखा खेळणारा, मनात येईल ते उचलून खाणारा हा पुरुष गावकऱ्यांच्या डोळ्यांना वेडा दिसे. हरिपाळदेवांची आणि त्यांची भेट बाजारात झाली. गोविंदप्रभूंनी आपल्या हातातील शेंगुळ्यांचा प्रसाद त्यांच्याकडे टाकला आणि त्या क्षणी त्यांच्यात ज्ञानशक्ती प्रकटली, असे चरित्र सांगते. चक्रधर हे नावही त्यांना गोविंदप्रभूंनीच दिले. एवढा मोठा प्रसंग, आणि त्याच्या मध्यभागी दिसते ते बाजारातले खाणे. लीळाचरित्रात असे वारंवार घडते आणि ते योगायोगाने घडत नाही, हे पुढे दिसेल.

सालबर्डीचा एकांत

ऋद्धिपुराहून चक्रधर सालबर्डीच्या डोंगरात गेले आणि तेथे बारा वर्षे राहिले. त्याच डोंगरात मुक्ताबाई नावाची तपस्विनी होती, तिचीही कथा चरित्रात आहे. त्यानंतरची त्यांची भ्रमंती दूरवरची आहे. ते आंध्रात गेले, काही काळ पुन्हा संसारात राहिले, तेथूनही निघाले. लीळाचरित्राच्या ‘एकांक’ या पहिल्या भागात हा एकट्याने केलेल्या प्रवासाचा काळ येतो. ‘पूर्वार्ध’ आणि ‘उत्तरार्ध’ हे त्यानंतरचे भाग.

एकांकातील सशाची गोष्ट तुम्ही शाळेत वाचली असेल. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा चक्रधरांच्या मांडीखाली येऊन दडतो. पारधी येतात, ससा मागतात. शरण आलेल्याला सोडायचे नाही हे स्वामी त्यांना समजावून सांगतात. पारधी ऐकतात आणि निघून जातात. ही गोष्ट अहिंसेचे उदाहरण म्हणून नेहमी दिली जाते आणि ते योग्यच आहे. तुम्ही मात्र तिच्याकडे आणखी एका बाजूने पाहा. ससा भास असेल, कुत्री भास असतील, तर कोणाचे रक्षण आणि कोणापासून? सशाची भीती खरी असल्याखेरीज त्या गोष्टीला वजन येत नाही. आता त्या वादाकडे वळू.

जग खरे की भास

चक्रधरांच्या काळात मराठी मुलखात अद्वैत विचार मराठीतूनच बोलू लागला होता. मुकुंदराजांचा विवेकसिंधू परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ चा मानतात. तो वैनगंगेच्या काठी आंभोऱ्याला लिहिला गेला असे विदर्भातील लोक सांगतात, तर अंबेजोगाईचे लोक तो आपल्याकडचा मानतात. त्या स्थळवादात आपल्याला पडायचे नाही. शांकर अद्वैताची त्यातील मांडणी महत्त्वाची. ब्रह्म एकच सत्य आहे. जग दिसते, व्यवहारापुरते ते खरे धरावे लागते, पण ज्ञान झाले की दोरीवर दिसणाऱ्या सापासारखे ते मावळते. जीव हाही मुळात ब्रह्मच, केवळ अज्ञानाने तो स्वतःला वेगळा समजतो.

चक्रधरांची भूमिका याहून मुळातच वेगळी आहे. त्यांच्या मते चार पदार्थ स्वतंत्र आहेत आणि अनादी आहेत : जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. यांपैकी एकही दुसऱ्यात विरघळत नाही. परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध, आणि जीव बद्ध असला तरी मुक्त होऊ शकणारा. मुक्त झालेला जीव परमेश्वराच्या आनंदाचा अनुभव घेतो, पण तो परमेश्वर होत नाही. प्रपंचाचे दोन प्रकार त्यांनी सांगितले. जे घडते आणि मोडते ते कार्यरूप जग नाशवंत आहे. ज्यापासून ते घडते ते कारणरूप मात्र टिकून राहते. नाशवंत आणि खोटे या दोन शब्दांत येथे अंतर पडले आहे. वस्तू नष्ट होणार आहे म्हणून ती आज नाही असे ठरत नाही.

असाच एक वाद याआधी सुमारे सोळाशे वर्षे ग्रीस देशात झाला होता. दोन्हींचा एकमेकांशी संबंध होता असे मुळीच नाही, पण शेजारी ठेवल्याने आपला वाद अधिक स्पष्ट दिसतो. अथेन्समध्ये सॉक्रेटिसला इ. स. पू. ३९९ मध्ये मृत्युदंड झाला. त्याने स्वतः काही लिहिले नव्हते. त्याचा शिष्य प्लेटो याने गुरूला बोलते ठेवून संवाद लिहिले आणि त्यांतून स्वतःचा विचार मांडला. आपण पाहतो त्या वस्तू बदलतात, झिजतात, एकमेकींसारख्या असूनही पूर्ण कोणतीच नसते. तरी ‘वर्तुळ’, ‘न्याय’, ‘सौंदर्य’ म्हणजे काय हे आपल्याला कळते. म्हणून या सर्वांची न बदलणारी आदर्शरूपे असली पाहिजेत, ती वस्तूंपासून वेगळी आहेत आणि तीच खऱ्या अर्थाने आहेत, असे प्लेटोने मानले. समोरच्या वस्तू त्या रूपांच्या उसन्या प्रकाशात उभ्या आहेत.

प्लेटोच्या अकादमीत वीस वर्षे राहिलेल्या ॲरिस्टॉटलला हे पटले नाही. रूप वस्तूपासून अलग असेल तर ते वस्तू घडवणार कसे, तिच्यात बदल आणणार कसे, असा त्याचा आक्षेप होता. त्याच्या मते रूप वस्तूतच असते. हा अमुक माणूस, हा अमुक घोडा, या एकेक गोष्टीच आधी आहेत आणि रूप त्यांच्या ठायी सापडते. या मताचा परिणाम त्याच्या कामावर झाला. त्याने समुद्रातील जीव तपासले, प्राण्यांच्या अवयवांची वर्णने केली, आणि त्याच्या विद्यालयात १५८ नगरराज्यांच्या राज्यव्यवस्थांची माहिती गोळा झाली. ज्याला समोरचे जग खरे वाटते तो त्याची नोंद ठेवतो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ऋद्धिपुरात आपल्याला पुन्हा त्याच्याकडे यायचे आहे.

तुमच्या शेतातल्या संत्र्याच्या झाडाचे उदाहरण घेऊ. (चक्रधरांच्या काळी या मुलखात संत्रा नव्हता, तो फार पुढे आला. पण उदाहरणाला काळाचे बंधन नसते.) प्लेटो म्हणेल की एकही झाड परिपूर्ण नाही, परिपूर्ण ते झाडाचे आदर्शरूप. ॲरिस्टॉटल म्हणेल की कलमात जे व्हायचे होते ते या झाडात झाले आहे, रूप शोधायला झाडापलीकडे जाऊ नका. मायावादी म्हणेल की झाड आणि पाहणारा हा भेदच शेवटी टिकणारा नाही. चक्रधरांची भूमिका समजून घेतली तर उत्तर असे येईल : झाड खरे आहे आणि ते वाळणार हेही खरे आहे. तू झाड नाहीस आणि झाडाचा मालक म्हणून तू जो कोणी आहेस असे समजतोस तोही तू नाहीस. झाडाच्या आधाराने तुझी सुटका होणार नाही. येथे एक सावधगिरी बाळगा. जग खरे मानणे म्हणजे जगाला कवटाळणे नव्हे. चक्रधरांनी अनुयायांना संन्यास, भिक्षा आणि भ्रमंतीचा मार्ग सांगितला. ओळखीच्या माणसांपासून दूर, झाडाखाली राहावे असे सांगितले. जग खरे आहे, म्हणून त्याचे बंधनही खरे आहे, आणि डोळे उघडताच ते आपोआप विरून जाईल या आशेवर बसता येत नाही.

हत्ती आणि गुहा

चक्रधरांनी आपला विचार शास्त्रग्रंथाच्या रूपात लिहिला नाही. ते बोलत आणि बोलताना दृष्टांत देत. पुढे केसोबासांनी लीळांमधून स्वामींची सूत्रे आणि दृष्टांत निवडून वेगळे केले. त्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत. त्यांतील हत्तीचा दृष्टांत अनेक पाठ्यपुस्तकांत येतो. काही आंधळे हत्ती पाहायला जातात. ज्याच्या हाताला पाय लागतो त्याला हत्ती खांबासारखा वाटतो, ज्याच्या हाताला कान लागतो त्याला सुपासारखा. प्रत्येक जण आपलेच खरे म्हणून भांडतो. डोळस माणसाला मात्र संपूर्ण हत्ती दिसतो.

आंधळ्यांची आणि हत्तीची गोष्ट भारतात जुनी आहे, बौद्ध आणि जैन परंपरांनाही ती माहीत आहे. महानुभाव तत्त्वज्ञानात तिला आलेला अर्थ आपल्या कामाचा. प्लेटोनेही ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या सातव्या भागात अज्ञानाचे एक चित्र काढले आहे. गुहेत जखडलेली माणसे समोरच्या भिंतीवर पडणाऱ्या सावल्या पाहतात आणि त्यांनाच वस्तू समजतात. दोन्ही चित्रे शेजारी मांडा. दोन्हींत माणसाला पूर्ण ज्ञान नाही आणि दोन्हींत ते असणारा कोणी तरी वेगळा आहे. पण गुहेतील माणसाने जे पाहिले ते वस्तू नव्हतेच, ती सावली होती. आंधळ्याच्या हाताला जे लागले ते हत्तीचेच अंग होते. पाय खरा, कान खरा. चूक स्पर्शात नाही. एका अंगाला अख्खा हत्ती म्हटले, तेथे चूक झाली.

अज्ञान म्हणजे खोटे पाहणे की अर्धे पाहणे? माझ्या मते चक्रधरांच्या विचाराचा सारा कल या प्रश्नात दुसऱ्या बाजूला आहे. इतर दर्शनांना त्यांनी निव्वळ भ्रम म्हणून टाकून दिले नाही. प्रत्येकाच्या हाताला काही तरी लागले आहे, ते त्यालाच सर्वस्व मानून बसले आहेत. देवतांचेही तसेच. महानुभाव मतात देवता खोट्या नाहीत. त्या अनादी आहेत, अनेक आहेत आणि आपापले फळ देतात. पण त्यांची फळे मर्यादित आणि संपणारी असतात, जीवाला मुक्त करण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नाही, ते एका परमेश्वराचे. ही रचना परीक्षेत यांत्रिकपणे लिहिली जाते, तिच्यातील धार मात्र कुणाला जाणवत नाही. यादव राजवटीत ती फार जाणवली.

मताची किंमत

चक्रधरांनी इ. स. १२६७ च्या सुमारास पैठणला संन्यास घेतला आणि त्यानंतर त्यांच्याभोवती शिष्यपरिवार जमला. नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा, बाइसा ही त्यांतील ठळक नावे. त्यांत विद्वान ब्राह्मण होते, स्त्रिया होत्या, समाजाने दूर ठेवलेल्या जातींतील माणसे होती. जीव म्हणून सारे जीव सारखेच बद्ध आणि सारखेच मुक्तीला पात्र, असे एकदा मानले की वर्ण आणि लिंग यांना मोक्षाच्या दारात अडवायला जागा उरत नाही. स्त्रीच्या मासिक विटाळाविषयी प्रश्न निघाला तेव्हा शरीरातून बाहेर पडणाऱ्या इतर मळांप्रमाणेच तोही आहे, त्यात अपवित्र काही नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. ते आजही अनेक घरांत सहज मानले जाणार नाही. महदाइसा सतत प्रश्न विचारीत असे आणि स्वामी तिच्या जिज्ञासेचे कौतुक करीत. मराठीतील पहिली कवयित्री म्हणून तिचे धवळे तुमच्या अभ्यासात आहेतच. तिला प्रश्न विचारायला मिळाले, ही त्या काव्यामागची मोठी गोष्ट आहे.

याच काळात यादवांच्या दरबारात हेमाद्री हा मोठा अधिकारी होता. त्याच्या चतुर्वर्गचिंतामणी या ग्रंथात व्रते, दाने, श्राद्धे यांचा प्रचंड विस्तार आहे. आता विचार करा. प्रत्येक तिथीला एक देवता, प्रत्येक देवतेचे एक व्रत, प्रत्येक व्रताला पुरोहित आणि दक्षिणा अशी व्यवस्था उभी आहे, आणि एक संन्यासी लोकांच्या बोलीत सांगतो की या देवता सोडवणाऱ्या नाहीत. वास्तवाच्या स्वरूपावरचा सिद्धांत येथे एकदम घरोघरच्या देव्हाऱ्यापर्यंत आणि भटजींच्या उत्पन्नापर्यंत पोहोचतो. प्रस्थापितांचा रोष ओढवला. महानुभाव परंपरा त्यात हेमाद्रीचे नाव घेते. पैठणच्या सभेची आणि तिथे झालेल्या छळाची हकीकत हस्तलिखितांच्या काही पाठांत येते. तिच्या तपशिलांवर अभ्यासकांत आणि श्रद्धावंतांत मतभेद आहेत आणि तो विषय संयमाने हाताळावा. संप्रदायाच्या म्हणण्यानुसार शके ११९६ मध्ये, म्हणजे इ. स. १२७४ ला, स्वामी उत्तरापंथे निघून गेले.

सोळा वर्षांनी, इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली. त्यानंतरच्या अमृतानुभवात ज्ञानदेवांनी जगाला माया म्हणून नाकारण्याऐवजी एकाच चैतन्याचा विलास म्हणून पाहिले. एका शतकाच्या आसपास मराठी भाषेने वास्तवाविषयी तीन वेगवेगळी मते पेलली, हे भाषेच्या इतिहासात नोंदवण्यासारखे आहे. ज्ञानदेवांच्या भूमिकेचा विचार संतसाहित्याच्या घटकात करू.

पुन्हा ऋद्धिपुरात

स्वामी गेल्यावर शिष्य सैरभैर झाले. नागदेवाचार्यांसह अनेक जण ऋद्धिपुरात गोविंदप्रभूंच्या सेवेत येऊन राहिले. महानुभाव साधनेत स्मरणाला मोठे स्थान आहे. परमेश्वर अवतार घेऊन ज्या देहाने वावरला त्याचे नाम, त्याची मूर्ती, त्याच्या लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण करायचे. चेष्टा म्हणजे साध्या हालचाली : बसणे, उठणे, हसणे, जेवणे. नागदेवाचार्य हे स्मरण करीत असताना म्हाइंभटांच्या मनात विचार आला की, आज पाहणारी माणसे आहेत, ती गेली की हे सारे जाईल. लिहून ठेवले पाहिजे.

म्हाइंभट हे गोदावरीकाठच्या सराळे गावचे शास्त्रसंपन्न पंडित. वाद करण्याच्या हेतूने चक्रधरांकडे आले आणि हरून त्यांचे झाले. संस्कृत शास्त्रात वाढलेला हा पंडित आता मराठीत, साध्या माणसांना विचारून विचारून, एकेका प्रसंगाची माहिती गोळा करू लागला. प्रसंग कुठे घडला, कोण हजर होते, स्वामी नेमके काय बोलले हे पाहणाऱ्यांकडून समजून घ्यायचे आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचे. इ. स. १२७८ च्या सुमारास सुरू झालेले हे काम ऋद्धिपूरच्या वाजेश्वरीत बसून झाले असे परंपरा मानते. गोविंदप्रभूंच्या मृत्यूनंतर त्यांचेही चरित्र म्हाइंभटांनीच लिहिले.

आता मघाच्या त्या वाक्याकडे वळा. देह, गाव, झाड, बाजारातले शेंगुळे हे सारे शेवटी भास असते तर म्हाइंभटांच्या या खटपटीला काय अर्थ होता? मायावाद्याला गुरूचे तत्त्व पुरते. ते चार श्लोकांत सांगता येते आणि गुरूने कोणत्या गावी काय खाल्ले याने त्यात भर पडत नाही. ज्याच्या मते जग खरे आहे, परमेश्वर त्या खऱ्या जगात खरा देह धरून आला आणि जीव कधीच परमेश्वर होणार नसल्यामुळे त्या सहवासाची आठवण हाच आधार आहे, त्याला एकेक तपशील मोलाचा वाटतो. मराठी गद्याची छोटी, रोखठोक, बोलती वाक्ये या गरजेतून घडली असे माझे मत आहे. भाषाशैलीवर टिपण लिहिताना हे कारण विसरू नका.

भाषेची निवडही याच विचारातली. केसोबास संस्कृतात रचना करू शकत होते. नागदेवाचार्यांनी मात्र त्यांना अडवले, कारण तसे केले तर मार्गातील साध्या म्हाताऱ्या बाया ज्ञानापासून दूर राहतील. स्मृतिस्थळात ही हकीकत आली आहे. तपशिलाची ही निष्ठा पुढे स्थानांपर्यंत गेली. स्वामी जेथे बसले, निजले, जेवले ती ठिकाणे शोधून तेथे ओटे बांधले गेले आणि स्थानपोथीत गावागणिक त्यांची वर्णने लिहिली गेली, कोणते देऊळ, दार कोणत्या दिशेला, ओटा कोठे. ऋद्धिपूर आणि सालबर्डीला गेलात तर हे ओटे पाहा. इतिहासाच्या अभ्यासकांनाही तेराव्या शतकातील महाराष्ट्राचा इतका बारीक नकाशा दुसरीकडे मिळत नाही.

म्हाइंभटांची मूळ पोथी टिकली नाही. उत्तरेकडील स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती नष्ट झाली आणि ज्यांना पाठ होते त्यांच्या आठवणीतून चरित्र पुन्हा उभे करावे लागले. त्यात हिराइसा या साधकबाईचा वाटा मोठा. तिच्या नावाचा पाठ महानुभाव परंपरेत मानाने ओळखला जातो. वेगवेगळ्या आठवणी जुळेनात तेव्हा त्यांतील एक निवडून बाकीच्या पुसून टाकल्या नाहीत. प्रसंगाखाली दुसरी ‘वासना’, म्हणजे दुसरा पाठ, अशा नोंदी राहू दिल्या. शंका निघाल्या तेथे शोध म्हणून टिपणे आली. पुढे हे वाङ्मय सकळ व सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत गेले आणि कित्येक शतके संप्रदायाबाहेर कोणाला वाचता आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी या लिप्या उलगडल्या. त्यानंतर ह. ना. नेने यांनी १९३६-३७ च्या सुमारास नागपुरात लीळाचरित्र छापायला घेतले. पुढे शं. गो. तुळपुळे आणि नागपूरचेच वि. भि. कोलते यांनी आपापल्या संपादित आवृत्त्या सिद्ध केल्या. अभ्यासाला घ्याल त्या आवृत्तीत एखादी लीळा वाचताना तळटीपेतील पाठभेद गाळू नका. बाजारातला तो प्रसाद कोणाच्या आठवणीत कसा होता, हे तेथेच सापडेल.